लुगड्याचा काठ आणि गावाचा कायदा

बाईचा पोषाख परंपरेनं ठरतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रांत, हवामान, धर्म, रूढी अशी कारणं एकाखाली एक मांडलेली असतात. पुस्तक मिटलं तरी प्रश्न राहतोच. ही परंपरा राहते कुठं? तिचं घर गावात की गावकुसाबाहेर? आमच्या आज्यांनी लुगडं कसं नेसायचं हे तिनं ठरवलं, तेव्हा आमच्या आज्यांना विचारलं होतं का?

इस्लापूरचा बाजार ज्यानं पाहिला त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल. किनवट तालुक्यातलं हे गाव म्हणजे चार मुलखांचा सांधा. शेजारी पैनगंगा, तिच्यावर सहस्रकुंडाचा धबधबा, नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. खाली गेलं की आदिलाबाद. १९५६ पर्यंत इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्याच्याच बोथ तालुक्यात होतं. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात त्याचं नाव घेऊन ते इकडं टाकलेलं आहे. अशा ठिकाणी बाजार भरतो तेव्हा काय दिसायचं? बंजाऱ्याची बाई फेटिया-कांचळीत, आरसे चमकताहेत, दंडापर्यंत बलिया. गोंडाची, कोलामाची बाई, हातापायावर गोंदण. काष्ट्याचं नऊवारी नेसलेली कुणबीण. बुरख्यातली मुसलमान बाई. तेलुगू बोलणाऱ्या बाया वेगळ्याच. आणि एका कडेला आमच्या. आजी सांगायची, त्या काळी बाजारात कुणी कुणाची जात विचारत नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. लुगडं सांगायचं, गळ्यातलं सांगायचं, हातातलं सांगायचं. शंभर पावलांवरून दुकानदाराला समजायचं की ही आली ती कोणाची, आणि हिला कापड हातात द्यायचं की वरून टाकायचं.

कॅमेरे घेऊन येणारे लोक याला रंगीबेरंगी संस्कृती म्हणतात. म्हणोत बिचारे. ज्याच्या अंगावर ती असते त्याला विचारावं.

आमच्या अंगावर ती कशी आली, ते लिहून ठेवलेलं आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय, ५२ वा श्लोक. चांडाळ-श्वपचांनी मेलेल्या माणसाचं कापड नेसावं, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिना घालायचा तर लोखंडाचा, आणि एका जागी न राहता भटकत राहावं. आधीच्या श्लोकात यांचं घर गावाबाहेर असावं आणि यांची मालमत्ता म्हणजे कुत्री आणि गाढवं, हे सांगून झालेलंच आहे. कोणी म्हणेल, दोन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक, ते कोण वाचत होतं? वाचत कोणी नसेल. पण पाळत सगळे होते. महाराच्या बावन्न हक्कांत मढ्यावरचं कापड होतं. हक्क! शब्द बघा. बेदरच्या बादशहानं ते हक्क दिले अशी कथा आमच्याच माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं सांगितली. बावन्नावा श्लोक आणि बावन्न हक्क हा नुसता आकड्याचा योगायोग आहे, त्यात दुसरं काही नाही. पण गावात कोणी मेलं की आमच्या घरात बाईला लुगडं यायचं, हा योगायोग नव्हता.

माझी आजी इस्लापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. येसकरपाळीचं घर. तिच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं दुकानातलं कोरं कापड अंगाला लावलं नाही. पहिल्यांदा विकत घेतलं तेव्हा घरी आणल्यावर सासूनं ते ओढ्यावर नेऊन चिखलपाण्यात बुचकळून काढलं. का? तर कोरं दिसू नये म्हणून. कोऱ्या लुगड्यात पाटलाच्या वाड्यापुढून जायची सोय नव्हती. आजी हे सांगताना रडायची नाही. उलट हसायची. "नवं लुगडं जुनं कराया अर्धा दिस लागला माय," म्हणायची. मला ते हसणं अजून समजलेलं नाही.

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये काठाची गोष्ट लिहिली आहे. हे पुस्तक १९८६ ला आलं. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचं वर्णन आहे त्यात. वरच्या जातीच्या बाईनं निऱ्या अशा घालायच्या की लुगड्याचा काठ बाहेर दिसला पाहिजे. महारणीनं तोच काठ निऱ्यांच्या आत दडवून टाकायचा, कोणाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. आता काठ म्हणजे काय? दोन बोटं रुंदीचा रंगीत सुताचा पट्टा. त्यानं कोणाचं पोट भरत नाही, कोणाचं शेत जात नाही. पण गावानं दोन बोटांच्या पट्ट्याचाही कायदा केला होता. ज्या समाजाला बाईच्या निरीत डोकावून बघायची सवड होती, त्याला बाकी कामं नव्हती असं नाही. हेच त्याचं मुख्य काम होतं.

आता महाडला येऊ. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. ही तारीख सगळ्यांना पाठ आहे, व्याख्यानात येते, भिंतीवर लिहिलेली असते. त्याच परिषदेत २७ डिसेंबरला बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले, ती तारीख मात्र कोणाला आठवत नाही. आमच्या मंडळांच्या भाषणांत ती पुसट झाली. मला वाटतं या दोन तारखा एकत्रच वाचायला पाहिजेत. पुस्तक जाळून दोन दिवस झाले होते, आणि पुस्तकातला बावन्नावा श्लोक समोर बसलेल्या बायांच्या अंगावर जिवंत होता. कागद काडीनं जळतो. अंगावरचा श्लोक कसा जाळायचा?

बाबासाहेबांनी सांगितलं ते थोडक्यात असं. तुमची लुगडं नेसायची रीत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती मोडा. वरच्या वर्गातल्या बाया नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा. गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतची कथलाची, चांदीची भरताडं ही ओळखायची दुसरी खूण, तीही टाका. फाटकं असेल तर असू द्या, पण स्वच्छ असू द्या. आणि हे त्यांनी पुढच्या पिढीवर सोडलं नाही. त्या बायांनी तिथंच नव्या रीतीनं लुगडं नेसून दाखवलं. चित्रे आणि टिपणीस या कायस्थ कार्यकर्त्यांच्या घरच्या बायांनी त्यांना नेसायला शिकवलं. एकीचा हात दुसरीच्या निरीला लागला. विटाळ कुठं गेला त्या रात्री, ते धर्ममार्तंडांनी सांगावं.

काही शहाणी माणसं याला नक्कल म्हणतात. १९५२ साली श्रीनिवास यांनी कुर्गांवरचं पुस्तक लिहिलं आणि संस्कृतीकरण हा शब्द विद्यापीठाला दिला. खालची जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते आणि वर सरकायला बघते, असा त्याचा अर्थ. तेव्हापासून आमच्या बाईनं काठ बाहेर काढला की प्राध्यापक वहीत लिहितो, संस्कृतीकरण. त्यांना एक विचारायचं आहे. ज्या परिषदेत वरच्यांचा धर्मग्रंथ जाळला, त्याच परिषदेत वरच्यांची नक्कल कशी होईल? चोराच्या कपाळावर डाग देतात. तो डाग पुसणारा माणूस सावकाराची नक्कल करतो का? पंढरपूरची वारी करा, सत्यनारायण घाला, असं बाबासाहेबांनी त्या बायांना सांगितलं नाही. खूण पुसा म्हणाले. एवढंच.

आणि ही खूणच होती याचा पुरावा समोरच्या पक्षानंच आठ दिवसांत दिला. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर संस्थानातली बातमी आली. पंधराहून अधिक गावांतल्या वरच्या जातींनी बलाई लोकांना फर्मान काढलं होतं. जरीकाठाचं पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही, नक्षीचा झगा-चोळी घालायची नाही. जे ऐकणार नाहीत त्यांनी गाव सोडावं. बलायांनी नकार दिला, तर विहिरी बंद, वाटा बंद, पिकांत जनावरं घातली. बाबासाहेबांनी ही बातमी पुढं जातिनिर्मूलनाच्या भाषणात घातली आहे. तिथंच गुजरातमधल्या झानू गावाची हकीकत आहे. १९३५ साली आमच्यातल्या चार बरं असलेल्या घरच्या बायांनी पाणी भरायला धातूची भांडी नेली, म्हणून त्यांना मारहाण झाली. मडकं चालतं, पितळ चालत नाही.

तिकडं दक्षिणेत रामनाडला डिसेंबर १९३० मध्ये कळ्ळर लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधनं घातली. सोनं-चांदी नको, फुलं माळायची नाहीत, बायांनी वरचं अंग झाकायचं नाही. त्रावणकोरात तर यावरून अर्धशतकभर दंगल चालली होती. शाणार बाया छातीवरून कापड घेऊ लागल्या, तर भर बाजारात त्यांची कापडं फाडली गेली. शेवटी २६ जुलै १८५९ ला राजानं हुकूम काढला. हुकूम वाचण्यासारखा आहे. शाणार बायांनी अंग झाकायला हरकत नाही, पण वरच्या जातीच्या बाया झाकतात तसं मात्र झाकायचं नाही. लाज परवडली, बरोबरी परवडत नाही! नववीच्या पोरांच्या इतिहासाच्या पुस्तकात या लढ्याचा धडा होता. २०१९ साली एनसीईआरटीनं तो काढून टाकला. ओझं कमी केलं म्हणे.

हे फक्त हिंदूंच्या देशात झालं असं समजायचं कारण नाही. माणूस माणसाला खूण लावायला सगळीकडं शिकला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेकडून. त्या काळ्या लोकांच्या बायांचीही अशीच एक गोष्ट आहे. न्यू ऑर्लिन्स शहर तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. तिथल्या काही काळ्या बाया गुलामगिरीतून सुटलेल्या, स्वतः कमावत्या. केस सजवून, दागिने घालून फिरायच्या. गोऱ्यांना ते खुपलं. १७८६ साली मिरो नावाच्या गव्हर्नरनं कायदा केला की या बायांनी केस फडक्यानं बांधले पाहिजेत, राबणारी गुलाम बाई बांधते तसे. बायांनी फडकी बांधली. पण कशी? उंची रेशमाची, रंगीत, एकावर एक पीळ देऊन, अशी देखणी की गोऱ्या बाया वळून बघायला लागल्या. कायदा पाळला आणि कायद्याचं हसं केलं. आजीच्या हसण्याला हे थोडं जवळचं वाटतं मला.

न्यायानं बोलायचं तर वरच्या घरातल्या बाईलाही परंपरेनं सोडलं नव्हतं. ब्राह्मणाची विधवा आठवा. केस काढलेले, अंगावर लाल आलवण, चोळी नाही, आयुष्यभर माजघरात. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. लोखंड्यांसारखे सत्यशोधक त्यामागं होते. म्हणजे तिच्या बाजूनं धावून गेला तो शूद्र न्हावी, भटजी नव्हे. तरी एक फरक राहतोच. तिच्या पोषाखावर तिच्या घरच्यांचा पहारा होता. आमच्या बाईच्या पोषाखावर घरच्यांचा होता, आणि वर सगळ्या गावाचाही होता.

महाडची हवा आमच्याकडं यायला फार वेळ लागला. मधे निजामाची हद्द. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा, त्यात आमचा भाग जंगलाचा. आजीला महाड कुठं आहे हे मरेपर्यंत माहीत नव्हतं. तिच्यापर्यंत ते आलं नागपूरहून, १९५६ ला. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली आणि १ नोव्हेंबरला इस्लापूर आदिलाबादेतून निघून नांदेडला जोडलं गेलं. अठरा दिवसांत जिल्हा, राज्य आणि धर्म, तिन्ही बदलले. वाड्यातली दोन माणसं नागपूरला जाऊन आली होती. त्यांनी येताना बाबासाहेबांचा फोटो आणला आणि निरोप आणला. मढ्यावरचं कापड बंद. मेलेलं ढोर बंद. बायांनी कथलाचे गोठ काढायचे, लुगडं खाली सोडून नेसायचं.

आजीनं नेसलं. पण शेतात घोट्यापर्यंतचं लुगडं घेऊन चिखलात धान कसं लावायचं? यावर पुस्तकात उत्तर नाही. तिनं आपलं काढलं. शेतात वर खोचायची, गावाच्या शिवेवर आली की खाली सोडायची. बाजारात जाताना तर काठ मुद्दाम बाहेर काढून. सुरुवातीला टोमणे आले, एकदा तिच्यावर शेणाचा पो फेकला. ती घरी आली, लुगडं धुतलं, पुढच्या बाजाराला तेच नेसून गेली. आई सांगते, आजीनं आयुष्यात एकही भाषण ऐकलं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरं जळाली, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. तेव्हाही आमच्याकडच्या गावांत ऐकू येणारं एक वाक्य होतं, यांच्या बाया पाटलिणीवाणी राहायला लागल्या. विद्यापीठाचं नाव हे निमित्त होतं. काठाचा हिशेब पन्नास वर्षं तुंबलेला होता.

आता एक अवघड गोष्ट. बाजारातल्या बंजारा बाईचा फेटियाही गेला. तांड्यातल्या पोरी शाळेत जायला लागल्या आणि साडी, मग पंजाबी ड्रेस आला. तिला कोणी बाबासाहेब येऊन सांगून गेले नव्हते. शहरातली नजर, पोलिसाची नजर, गुन्हेगार जमातींच्या कायद्याची जुनी बदनामी, यातून ते झालं. आज तीच कांचळी शहरातल्या प्रदर्शनात हजारांना विकली जाते आणि नेसणारी बाई रोजगार हमीवर पाच वारी नेसून जाते. मी त्या बायांशी बोलले आहे. काही म्हणतात सुटलो, बलियांचं ओझं होतं, हात सुजायचे. काही म्हणतात आमचं गेलं. दोन्ही खरं बोलतात. आमच्या बाबतीतही हे विचारायला पाहिजे की नाही? आजीच्या कपाळावरचं, हातावरचं गोंदण सुंदर होतं. ते गुलामीचं होतं की तिचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

महाडला सांगणारे बाबासाहेब पुरुषच होते, हा मुद्दा शिकलेल्या पोरी काढतात. काढू द्या, प्रश्न चुकीचा नाही. माझं उत्तर असं. त्यांनी कारण सांगितलं, दंड सांगितला नाही. बायांनी आपल्या हातानं केलं. पण पुढं आम्ही काय केलं? दीक्षेला स्वच्छ पांढरे कपडे घालून या म्हटलं होतं, त्याची आम्ही पांढरी साडी केली. हौसेनं नेसतो आम्ही ती, मीही नेसते, जयंतीला पांढऱ्या साड्यांची रांग निघाली की ऊर भरून येतो. पण हळूहळू काही विहारांत पांढरी नसलेल्या बाईकडं वळून बघणं सुरू झालं. वळून बघणारे पुरुष. ते स्वतः पँट-शर्टात.

जगात हेच चाललंय. इराणात १९३६ साली शहानं हुकूम काढला, बुरखा उतरवा. पोलीस रस्त्यात ओढून काढायचे. १९८३ ला दुसऱ्या राज्यानं कायदा केला, डोकं झाका. २०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची पोरगी डोक्यावरच्या फडक्यापायी पोलिसांच्या कोठडीत गेली आणि मेली. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या कर्नाटकात उडुपीच्या पोरींना फडकं आहे म्हणून वर्गाबाहेर ठेवलं. एकीकडं नाही म्हणून, एकीकडं आहे म्हणून. फडकं तेच. मराठवाड्यातल्या मुसलमान पोरीनं काय घालावं यावर आमची पोरं चहाच्या टपरीवर मतं देतात, तेव्हा मला त्यांना लुगड्याचा काठ दाखवावासा वाटतो.

गेल्या १४ एप्रिलला माझ्या भावाची पोरगी नांदेडहून आली. इंजिनिअरिंगला आहे. हातात काळपट चांदीसारखे जाड गोठ, गळ्यात तसलंच ठुशीवजा काहीतरी. ऑनलाइन मागवलं म्हणे, फॅशन आहे. मिरवणुकीच्या आधी मंडळातले एक वयस्कर कार्यकर्ते तिला बघून चिडले. बाबासाहेबांनी जे टाकायला लावलं तेच घालून त्यांच्याच मिरवणुकीत येतेस? काढ ते. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. "आत्या, हे खरंय?" खरं होतं. तिला महाड माहीत होतं, २५ तारीख माहीत होती. २७ माहीत नव्हती. कार्यकर्त्याला २७ माहीत होती, पण ती त्यानं पाटलासारखी वापरली. मला पटकन काही बोलता आलं नाही.

आई ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "कितीला घेतले गं?"

"साडेतीनशे, आजी."

"तुह्या पैशानं?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे हातात. उन्हाचे तापतेत, तेवढं बघ."

कार्यकर्ते पुढं गेले. पोरीनं गोठ काढले नाहीत, पण मिरवणुकीत ओढणीखाली झाकून घेतलेले मी पाहिले. ते झाकणं मला आवडलं नाही.

रात्री तिनं विचारलं, आपल्या पणजीचे खरे गोठ कुठं आहेत, बघू तरी. नाहीत. ते कथलाचे होते, सोनारानं हातात धरले नसते. नागपूरचा निरोप आला त्या वर्षी इस्लापूरला कल्हईवाला बसला होता. आजीनं हातातले गोठ काढून त्याला दिले. आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदाच एक पितळी पातेलं आलं होतं. त्या कथलाची त्यानं त्याला कल्हई करून दिली. पातेलं अजून आईच्या फळीवर आहे. कल्हई केव्हाच उडाली. परत करायची म्हटलं तर आता इस्लापूरला कल्हईवाला येत नाही.